पहिल्या बाकावरून उठल्यावर

१२ जानेवारी

प्रिय वन्सं,

सलाम. तुम्हाला फोन करून उपयोग नाही, हे मी मागच्या आठवड्यात पुन्हा एकदा शिकले. मी म्हणाले, सामान नीट पोचलं. तुम्ही म्हणालात, हो हो, ऊन इथेही आहे. तेव्हा आता पत्रच. कानाचं यंत्र तुम्ही डब्यात जपून ठेवण्यासाठीच घेतलंत बहुतेक.

लेकीचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि मला खिडकीची खोली मिळाली आहे. लेक-जावई दोघेही डॉक्टर, सकाळी सातला बाहेर पडतात. दिवसभर घराची मालकीण मीच. तुमच्या भावाचा फोटो टेबलावर ठेवलाय. जाऊन सात महिने झाले, तरी माझ्या हातून चहा अजून दोन कप होतो.

खरी बातमी वेगळीच आहे. मी मंडळी शोधते आहे. हसू नका. एक्केचाळीस वर्षं पाळकाची बायको म्हणून काढली आणि आता अडुसष्टाव्या वर्षी लक्षात आलं, की तुला कुठल्या चर्चमध्ये जावंसं वाटतं, हे मला कोणी कधी विचारलंच नव्हतं. लग्न झालं, डावीकडच्या पहिल्या बाकावर बसवलं, आणि ह्यांना मातीत ठेवेपर्यंत मी तिथेच होते.

पहिलं चर्च पाहिलं ते मोठं. गुबगुबीत खुर्च्या, पडदे, दिवे, गाणं अगदी सुरात. तीन रविवार गेले. तिन्ही वेळा दारातल्या त्याच माणसाने हसून विचारलं, "पहिल्यांदाच आलात का?" चौथ्यांदा मी त्याला त्रास दिला नाही.

दुसरं लहान. उपासनेनंतर चहा झाला आणि माझ्या हातांनी सवयीने रिकामे कप गोळा केले. तिथल्या पाळकीणबाई लांबून बघत होत्या. दहा मिनिटांत त्यांनी माझ्याकडून सगळं वदवून घेतलं, पुढच्या रविवारी मला पहिल्या बाकावर बसवलं आणि महिला मंडळ माझ्या गळ्यात घालायची तयारी केली. मी रक्तदाबाचं कारण सांगून निसटले. रक्तदाब त्या वेळी खरंच वाढला होता.

तिसरी मंडळी सायकलच्या दुकानावरच्या हॉलमध्ये भरते. साठेक माणसं. मी मागे उभी होते. एक बाई काही न बोलता सरकल्या आणि मला जागा झाली. चाळिशीच्या असतील. टेलर आहेत. कपड्यांच्या मापाची टेप गळ्यातून काढायची विसरून तशाच उपासनेला आल्या होत्या. नाव-गाव विचारलं तेव्हा मी एवढंच म्हणाले, इथल्या डॉक्टरीणबाईंची आई. पुढचं सांगितलं नाही. मला थोडे दिवस कोणाचीही कोणी न होता बसायचं आहे.

तुमची वहिनी


२५ जानेवारी

प्रिय वहिनी,

सलाम. पत्र वाचून हसले नाही, कपाळावर हात मारला. दादांच्या बायकोने सायकलच्या दुकानावर जाऊन बसायचं आणि डॉक्टरची आई म्हणून ओळख सांगायची. लपवायला तुम्ही काय गुन्हा केलाय? एका मंडळीला एक्केचाळीस वर्षं दिलीत ती काय चोरून?

आता कामाचं. मंडळीची चिटणीस अजून मीच आहे. एक मंडळी सोडून दुसरीत सभासद व्हायचं तर जुन्या मंडळीचं बदलीचं पत्र लागतं, हा नियम तुम्हाला मी शिकवायला नको. बत्तीस वर्षं ती पत्रं माझ्याच हातची गेली आहेत. तुमचं मी तयार ठेवलंय, चांगलं दीड पान. तिथल्या पाळकांचा पत्ता तेवढा कळवा.

आपले नवे पाळक बरे आहेत. मोजे रंगीत घालतात. उपदेश वीस मिनिटांत आटपतात, त्यामुळे घरी येऊन काय करावं ते लोकांना सुचत नाही. परवा मला म्हणाले, "मावशी, ह्या बाबतीत तुमचं काय मत?" मी म्हटलं, माझं मत घेऊन काय करणार? ते म्हणाले, ऐकणार. मेट्रन असताना मी चाळीस खाटांचा वॉर्ड धाकात ठेवला, पण ह्या पोरापुढे मी उगाच चष्मा पुसायला घेतला.

गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची नणंद


१० फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

पाळकांचा पत्ता पाकिटाच्या मागे लिहिलाय, पण मी सांगेपर्यंत पत्र पाठवू नका. दीड पान तर मुळीच नको.

इथे सगळं छान आहे अशातला भाग नाही. गाणं बेसूर. तिसऱ्या रांगेतले एक काका उपदेशाच्या दुसऱ्या मिनिटाला झोपतात. पाळक आधी वायरमन होते. छतावरचा दिवा लुकलुकला की बोलता बोलता थांबतात आणि वर बघतात.

पण परवाच्या रविवारी जे झालं ते सांगते. उपदेशाआधी ते म्हणाले, "गेल्या आठवड्यात मी म्हणालो होतो, की ज्याचा विश्वास पक्का त्याला काळजी लागत नाही. मंडळीतल्या एका बहिणीने घरी येऊन मला सांगितलं, की तिची सासू वर्षभर अंथरुणाला खिळली आहे, ती रोज प्रार्थना करते आणि रोज काळजीही करते. मी चुकलो. ते शास्त्रातलं नव्हतं, माझ्या मनचं होतं." एवढं बोलून त्यांनी पान उलटलं. कोणी हळहळलं नाही, कोणी चकित झालं नाही. म्हणजे हे इथे पहिल्यांदा होत नव्हतं. चकित झाले ती मी. ती बहीण म्हणजे माझ्या शेजारच्या टेलरताईच. पाळकांची चूक दाखवूनही तिची जागा होती तिथेच होती.

वन्सं, आपल्याकडे 'चुकलं' हा शब्द मी इतकी वर्षं ऐकला, पण नेहमी दुसऱ्या कोणाबद्दल.

मधे चार दिवस मला ताप होता. लेकीला सुट्टी मिळेना. टेलरताई रोज दुपारी डबा घेऊन आल्या. एकदा त्यांनी माझ्या झग्याचं उसवलेलं काखेतलं शिवून दिलं आणि वर मलाच बोलल्या, की एवढ्या जाड सुईने कोणी शिवतं का. मला त्या फार आवडतात.

तुमची वहिनी


२२ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

'चुकलं' वाचलं. टोमणा कोणाला होता तेही कळलं. दादा आजाऱ्याच्या उशाशी तासन् तास बसायचे, ते तुमच्या वायरमनला जमतंय का ते आधी बघा. वडील गेल्यावर त्यांनी मला वाढवलं, शिकवलं. त्यांच्याबद्दल लिहिताना जरा जपून लिहावं.

डबा आणला, झगा शिवला, एवढ्यावर भुलून जाऊ नका. तुम्ही कोण हे तिथे कळलं की तुमचा योग्य तो मान राहील. म्हणून बदलीचं पत्र मी काल थेट तिथल्या पाळकांच्या नावाने टाकलं. राग आला तरी चालेल.

तुमची नणंद


१६ मार्च

प्रिय वन्सं,

पत्र पोचलं. उपासनेनंतर पाळकांनी मला बाजूला बोलावलं. म्हणाले, "माझ्या नावाने होतं म्हणून उघडलं. दुसऱ्या कोणाला दाखवलेलं नाही. तुम्हाला सांगायचं तेव्हा तुम्हीच सांगा." माझा जीव भांड्यात पडला. तिथे तो दोन तासही टिकला नाही.

दर रविवारी चार वाजता आम्ही आठजण टेलरताईंच्या दुकानात जमतो. मशिनी भिंतीला सरकवायच्या, शास्त्र वाचायचं, प्रार्थना करायची. त्या दिवशी प्रत्येकाने आपण ह्या मंडळीत कसे आलो ते सांगायचं ठरलं. ताईंची पाळी आली. त्या म्हणाल्या, माझे वडील सुतार. आणि त्यांनी आपल्या गावाचं नाव घेतलं.

वन्सं, तुम्हाला तो सुतार आठवत असेल. ह्यांनी ज्यावरून उपदेश केला ते आपल्या चर्चचं पुलपिट त्याने केलं. चार महिने खपून, एकही खिळा न ठोकता. पुढच्या बाजूला द्राक्षाचा वेल कोरला. मी दर शनिवारी दातांच्या जुन्या ब्रशने त्या वेलातली धूळ काढायची.

ताई सांगत होत्या आणि मी पुढचं प्रत्येक वाक्य आधीच ओळखत होते. घंटा वाजवणारे म्हातारबा झोकांड्या खात चालायला लागले. ते पितात असं कोणीतरी ह्यांच्या कानावर घातलं, आणि ह्यांनी त्यांना कामावरून काढलं. सभेत सुतार उठला आणि म्हणाला, "साहेब, त्यांना विचारलं का?" बस, एवढंच. तीन आठवड्यांनी त्याच पुलपिटावरून ह्यांनी त्याचं नाव वाचलं. मंडळीत फूट पाडणारा माणूस, क्षमा मागेपर्यंत प्रभुभोजनाची भाकरी आणि द्राक्षरस नाही. सुतार त्यानंतरही सात महिने येत राहिला. भाकरीचं ताट त्याच्या पुढून निघून जायचं. शेवटी त्याने बदलीचं पत्र मागितलं, तेही मिळालं नाही. ज्या गावाला गेला तिथे पहिला प्रश्न, पत्र कुठे आहे. नऊ वर्षं तो मागच्या बाकावर बसला आणि प्रभुभोजन न घेताच वारला.

ताईंनी आवाज चढवला नाही. गिऱ्हाइकाची मापं वाचून दाखवावीत तसं सांगितलं. मग म्हणाल्या, इथे आले तेव्हा ह्या मंडळीनेही पत्र विचारलं. मी म्हटलं, वडिलांना दिलं नाही ते मला कुठून मिळणार. दुसऱ्या दिवशी मंडळीचे दोन पंच घरी आले, दोन तास बसले आणि सगळं ऐकून घेतलं. आमच्या घराला कोणी काही विचारलं ते तेव्हाच.

तुम्हाला माहीत नसलेली एक गोष्ट सांगते. त्या सात महिन्यांत सुताराची बायको एकदा आपल्या स्वयंपाकघराच्या दाराशी आली होती. साहेबांशी बोला म्हणाली. मी तिला चहा दिला आणि म्हणाले, "ह्यांच्या कामात मी पडत नाही." अकरा वर्षांची मुलगी आईचं बोट धरून उभी होती. अठ्ठावीस वर्षं झाली, माझे केस पिकले, चष्मा लागला, मी वाळले. तिने मला ओळखलेलं नाही.

सभेला तुम्ही होतात. मंडळीची वहीही तुमच्याकडेच होती. तुम्हाला काय माहीत आहे ते मला लिहा.

तुमची वहिनी


११ एप्रिल

वहिनी,

उशीर झाला. बरं नव्हतं.

दादा गेले. आता त्यांना उत्तर देता येत नाही. त्यांच्या मागे त्यांना नावं ठेवत बसणं मला पटत नाही. त्या बाईला काही सांगू नका. मी उभा जन्म जखमा पाहिल्यात. खपली धरलेल्या जखमेला बोट लावू नये. त्या मोठ्या चर्चमध्ये खुर्च्या चांगल्या आहेत म्हणालात, तिथे जा. तिथे तुम्हाला कोणी ओळखणार नाही, तेच तुम्हाला हवं होतं ना?

तुमची नणंद


१९ एप्रिल

प्रिय वन्सं,

उत्तर तर सुतारालाही देऊ दिलं नव्हतं.

आणि जखमेचं म्हणाल, तर वरून खपली आणि आत पू असेल तर काय करायचं, हे माझ्या पायाला गळू झालं तेव्हा तुम्हीच दाखवलंत. मी ओरडत होते तरी तुम्ही थांबला नव्हतात.

मी ताईंना सांगितलं. मंगळवारी दुकानात गेले. त्या पडद्याला दुमड घालत होत्या. बसायला सांगितलं तर मी उभीच राहिले, कारण बसले असते तर सांगितलं नसतं. मी कोण ते सांगितलं. त्यांची आई दाराशी आली होती आणि मी तिला काय म्हणाले तेही सांगितलं. मशीन थांबली.

मग म्हणाल्या, "आई सांगायची. पाळकीणबाईंनी चांगल्या कपात चहा दिला म्हणायची. तो तिच्या घशाखाली उतरला नव्हता."

मी म्हणाले, "माझं चुकलं. मला बोलता आलं असतं."

त्या म्हणाल्या, "आज हे पडदे द्यायचेत." आणि मशीन सुरू केली. मी निघाले.

रविवारी त्या दुसऱ्या टोकाला बसल्या. माझ्या शेजारची जागा रिकामी राहिली. मी पाळकांना म्हणाले, मी दुसरीकडे जाते, तिला इथे माझ्याआधीचा हक्क आहे. ते म्हणाले, "तुम्ही गेलात तर तिच्यामुळे गेलात असं होईल. येत राहा आणि थांबा. माफ कर, असं तिला मी सांगायला जाणार नाही. ते तिचं आहे, माझं नाही." मग म्हणाले, "पण तुमच्या जुन्या मंडळीने जे बांधलं, ते त्या मंडळीनेच सोडवायला हवं. तिथे कोणी आहे का?"

आहे, म्हणाले मी.

ह्यांच्यावर मी रागावलेली नाही. वन्सं, मी ह्यांच्यावर प्रेम केलं आणि अजून करते. माणसाच्या दुखण्याखुपण्यात ह्यांच्यासारखं धावणारं मी दुसरं पाहिलं नाही. पण ह्यांना प्रश्न सोसत नसे, आणि आपण दोघींनी तो त्यांना कधी सोसायला लावला नाही. घरात आवाज वर गेला की तुम्ही खिडक्या लावायच्या आणि मी पोळी वाढायची. आपण त्यांना जपतोय असं वाटायचं. आपण त्यांना एकटं पाडलं. सुताराने विचारलं तेव्हा त्याच्या मागे आपण दोघी उभ्या राहिलो असतो, तर ह्यांना वाईट वाटलं असतं, आठ दिवस जेवले नसते, आणि मग ऐकलं असतं. मला तेवढा भरवसा ह्यांच्यावर आहे.

वही तुमच्याकडे आहे.

तुमची वहिनी


१७ मे

प्रिय वहिनी,

तुमचं पत्र मी उशीखाली ठेवून आठ दिवस झोपले. म्हणजे झोपले नाहीच. मग वही काढली.

सुताराचा अर्ज त्यात डकवलेला आहे. चार ओळी, अक्षर सरळ. खाली मी लाल शाईने लिहिलंय, 'नाकारलं'. दादांनी सांगितलं आणि मी लिहिलं, एवढंच असतं तर मी तुम्हाला मार्चमध्येच लिहिलं असतं.

म्हातारबा पीत नव्हते. त्यांना कंपवात होता. काढून टाकायच्या दोन महिने आधी ते आठ दिवस माझ्याच वॉर्डमध्ये होते. त्यांच्या कागदांवर अक्षर माझं आहे. दादांनी सभेत जाहीर केलं तेव्हा मी तिसऱ्या बाकावर होते आणि मला सगळं माहीत होतं. चारचौघांत दादांना खोटं कसं पाडायचं, घरी गेल्यावर सांगू, असं मी मनाशी म्हटलं. तेवढ्यात सुतार उठला. आता बोलले तर मी त्याची बाजू घेतली असं होईल, म्हणून घरीही तोंडाला कुलूप. मी एक वाक्य बोलले असते तर त्या माणसाला उठावंच लागलं नसतं. दादा हे न कळताच गेले. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

मग मी रंगीत मोजेवाल्या पाळकांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. माझी समजूत घातली नाही, ते बरं केलं. म्हणाले, "मावशी, हे पंचांसमोर सांगाल?"

पंचांच्या दोन बैठका झाल्या. थोरले पंच म्हणाले, सगळी माणसं मातीत गेली, आता कशाला. पाळक म्हणाले, "आपण गेलेल्या पाळकांचा न्याय करत नाही आहोत. मंडळीच्या नावाने झालं, म्हणून मंडळी उत्तर देते आहे." पहिल्या बैठकीतून थोरले उठून गेले. दुसरीला आले, शेवटपर्यंत बसले आणि सही केली.

पत्र सोबत आहे. सुताराचं बदलीचं पत्र, त्याच्या मुलीच्या हाती देण्यासाठी. अकरा वर्षं तो ह्या मंडळीचा विश्वासू सभासद होता. त्याने विचारायला हवा तोच प्रश्न विचारला. त्याला प्रभुभोजनापासून दूर ठेवणं आणि पत्र नाकारणं हे आमचं पाप होतं. खाली पाच सह्या आणि चिटणीस म्हणून माझी. म्हातारबांचं नावही त्यात आहे. त्यांच्या घरचं कोणी आता इथे उरलेलं नाही.

ते मंडळीपुढे वाचायचं ठरलं. कोण वाचणार, असं पाळकांनी विचारलं. मी म्हटलं, नाकारलं मी लिहिलं, वाचणारही मीच. त्या पुलपिटावर मी आयुष्यात पहिल्यांदा चढले. मला माझा आवाज ऐकू येत नाही, तेव्हा केवढ्याने वाचलं कोण जाणे. समोरचा पानवाला दुकानाबाहेर येऊन बघत होता, असं मागून कळलं. मधे एकदा थांबले, वेलाला हात लागला म्हणून. मग पुढे वाचलं.

उपासनेनंतर वही पाळकांपुढे ठेवली आणि म्हटलं, आता दुसरं कोणी बघा. त्यांनी ती घेतली. राहू द्या म्हणाले नाहीत. मला ते आवडलं. दोन म्हाताऱ्या मैत्रिणी घरी येऊन बसल्या. त्या गेल्यावर मला कडकडून भूक लागली.

दादांचा फोटो माझ्याही टेबलावर आहे. तो मी हलवलेला नाही.

तुमची नणंद


९ जून

प्रिय वन्सं,

तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं आणि मग तुमच्यासाठी एकटीच रडले. तुम्ही एवढं ओझं घेऊन माझ्या शेजारी भाजी निवडत बसायचात आणि मला पत्ता नव्हता. पुढचं ऐका.

सुताराचं पत्र घेऊन मी दुकानात गेले. ताईंनी हात पुसले आणि उभ्यानेच वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग विचारलं, "हे नुसतं लिहिलं की वाचलं?" मी म्हणाले, वाचलं, त्याच पुलपिटावरून, माझ्या नणंदेने. तुम्ही वॉर्डचं लिहिलंत तेही सांगितलं. ते मी लपवणं बरोबर झालं नसतं. त्यांनी पत्राची घडी घातली. दुकानाचं दार ओढून घेतलं, मला स्टूल दिलं, आणि मशीनवर डोकं टेकून रडल्या. मी स्टुलावर बसून राहिले. गिऱ्हाइकाने दोनदा दार ठोठावलं, आम्ही उघडलं नाही.

तरी पुढचे दोन रविवार त्या त्या टोकालाच बसल्या. मी येत राहिले. मला थांबायला सांगितलं होतं.

काल माझ्या सभासदत्वाचा रविवार होता. माझ्याबरोबर एक बेकरीवाला आणि त्याची बायको होती. पाळक इथे आधी प्रत्येकाला दोन शब्द बोलायला लावतात आणि मग मंडळीला विचारतात, कोणाला काही म्हणायचंय का. मी एक्केचाळीस वर्षं लोकांसमोर उभी राहिले, पण काल आधाराला खुर्चीची पाठ धरली. मी कोणाची बायको ते सांगितलं. हेही सांगितलं, की एका कुटुंबावर अन्याय होत असताना मी गप्प राहिले आणि ते मला इथे येऊन कळलं. नाव कोणाचं घेतलं नाही.

पाळकांनी विचारलं, कोणाला काही म्हणायचंय का. मागून खुर्ची सरकली. वळून पाहिलं, तर ताई उभ्या होत्या.

ताई म्हणाल्या, "ते कुटुंब आमचं. ह्यांनी माझ्या आईला दारातून परत पाठवलं होतं. आणि ह्या स्वतः माझ्या दारात येऊन ते सांगून गेल्या. मला अजून सगळं सोपं झालेलं नाही. पण ह्यांना घ्या, असं माझं म्हणणं आहे."

त्या खाली बसल्या. मग पुन्हा उठल्या, सगळी रांग ओलांडून आल्या आणि माझ्या शेजारी बसल्या. तिसऱ्या रांगेतले काका काल जागे होते. त्यांनी वाट देण्यासाठी पाय आत घेतले.

माझं नाव नोंदवून झालं. त्यापुढे अमक्याची पत्नी असं काही नाही. नुसतं नाव आणि तारीख. मग प्रभुभोजन झालं. ताट आमच्या रांगेत आलं तेव्हा ते ताईंनी माझ्या हातात दिलं. मी भाकरीचा तुकडा खाल्ला आणि ताट पुढे दिलं.

उपासनेनंतर जिन्यात त्यांनी विचारलं, "पत्र वाचणाऱ्या बाई इथे कधी येणार?" मी म्हणाले, त्यांना तुमच्यासमोर यायची भीती वाटत असणार. त्या म्हणाल्या, "मलाही वाटतेय. तरी येऊ द्या."

तेव्हा तिकीट काढा, वन्सं. मी स्टेशनवर घ्यायला येते.

तुमची वहिनी